आपला हात जगन्नाथ. पण कोपरातली नस दबली तर?



आपल्या या अंकात बेण्याची निवड, खतांच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि तोडीचे नियोजन यांवर दर खेपेस चार शब्द असतात. ते हवेतच. पण ऊस लावणारा, तोडणारा, मोळी बांधणारा आणि शेवटी वजनकाट्यावरची पावती घेणारा हातच कामातून गेला, तर एकरी उतारा कितीही पडो, त्याचा उपयोग काय? म्हणून संपादक मंडळाच्या संमतीने या वेळी हाताबद्दल, त्यातही कोपराबद्दल लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. आसेगावचा साधा शेतकरी सभासद आहे. जे स्वतः भोगलं आणि जे डॉक्टरमंडळींकडून समजून घेतलं, तेवढंच सांगतो.

सुरुवात करंगळीपासून

मला पहिल्यांदा जाणवलं ते जेवताना. वरण-भात कालवून घास उचलला, की वरण करंगळीच्या बाजूने ताटात गळायचं. बोटं जुळतच नव्हती. मंडळी म्हणाली, "अवो, लेकरावानी काऊन सांडता?" मी म्हटलं, "वय झालं." वय होतं सेहेचाळीस!

मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. खिशात हात घालताना करंगळी बाहेरच राहायची. सदऱ्याची गुंडी लावायला दोनदा प्रयत्न करावा लागे. नोटा मोजताना अंगठा हुकायचा. तूर सोंगताना विळा मुठीतच फिरायचा. उशाखाली हात घेऊन झोपलो की पहाटे करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येऊन जाग यायची. झटकलं की जरा बरं वाटे. पुढे पुढे झटकूनही मुंग्या जाईनात. एके दिवशी विहिरीवर पाणी प्यायला ओंजळ केली, तर तोंडाशी येईपर्यंत निम्मं पाणी गळून गेलं. त्या दिवशी पोटात गोळा आला.

तरीही मी दोन वर्षं कुणाला काही बोललो नाही. घरी न सांगता एका दवाखान्यात जाऊन 'नसांच्या' म्हणून सुया मात्र घेत राहिलो. तिथे कुणी कोपर पाहिलं नाही आणि मीही दाखवलं नाही.

मनातली भीती

बोलत का नव्हतो, तेही सांगतो. विदर्भातल्या माणसाची बोटं बधिर होऊन वाकडी व्हायला लागली की त्याच्या मनात काय येतं, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं. वरोऱ्यास बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे आनंदवन नावारूपाला आणलं. या थोर माणसांनी रोग्याला माणसांत आणलं. आपल्या मनातली भीती मात्र पुरती गेली नाही. मला वाटायचं, हे गावात कळलं तर मुलीच्या सोयरिकीचं काय होईल?

शेवटी मंडळीनेच जेवताना माझा हात धरून ठेवला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यातला मांसल भाग खोल गेलेला तिला दिसला. म्हणाली, "काई असन ते असन. उद्या दवाखान्यात जाऊ. मी येतो संगं."

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी सदरा काढायला लावला, अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा आहे का ते पाहिलं, डोळे मिटायला सांगून कापसाने जागोजाग स्पर्श केला आणि दोन्ही कोपरांमागची नस बोटाने चाचपली. मग मला न विचारताच माझ्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, "काका, चट्टा नाही, नस दोरीसारखी जाडही लागत नाही. कुष्ठरोगाची काही खूण मला दिसत नाही. पण मला सांगा, हे कोपर असं वाकडं कधीपासून आहे?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

चिंचेवरून पडलेलं पोर

मी अकरा वर्षांचा असताना चिंचेच्या झाडावरून पडलो होतो. हाडवैद्याने कामट्या बांधून कोपर बसवलं. महिन्याभरात हात चालू लागला, तेव्हा सगळ्यांनी नवस फेडला. हात थोडा बाहेरच्या अंगाला वाकडा राहिला, पण दुखत नव्हता. चाळीस नांगरण्या त्या हाताने झाल्या. मी ते पडणं विसरूनही गेलो होतो. नस मात्र विसरली नव्हती.

अशा पडण्यात लहान मुलांच्या कोपराचं बाहेरच्या बाजूचं हाड मोडतं. ते नीट बसवलं नाही तर पुष्कळदा सांधतच नाही. पोर वाढतं तसं कोपर बाहेर झुकत जातं आणि आतल्या अंगाने जाणारी नस ताणली जाते. मोटेच्या चाकावरून नाडा जसा रोज घासून झिजतो, तशीच ती नस हात वाकवताना दर वेळी घासते. दहा, वीस, कधी तीस-चाळीस वर्षांनी बोटं बधिर होतात. फ्रान्समधल्या पानास नावाच्या सर्जनने कोपराच्या जुन्या दुखण्यातून उशिरा येणाऱ्या या लुळेपणाचं वर्णन १८७८ सालीच करून ठेवलं आहे. म्हणजे दुखणं काही नवं नाही, आपल्यापर्यंत त्याची माहितीच पोचली नाही.

ही नस जाते कुठून?

कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत करंट बसल्यासारखी झिणझिणी जाते. आपण म्हणतो, हाडाला लागलं. खरं म्हणजे लागतं ते नसेला. तिला डॉक्टर अल्नर नस म्हणतात. इथे एक खुलासा करतो. आपण रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो आणि हिलाही. ही नस रक्त नेत नाही. मेंदूचा हुकूम बोटांना पोचवणारी आणि बोटांना जाणवलेलं मेंदूला कळवणारी ही तार आहे.

ती मानेतून निघते, दंडाच्या आतल्या अंगाने खाली येते आणि कोपराच्या आतल्या टोकदार हाडामागच्या खोबणीतून जाते. त्या खोबणीवर एक चिवट पट्टा असतो, त्यामुळे तिथे लहानसा बोगदाच तयार होतो. ऑस्बोर्न या सर्जनने १९५७ साली या पट्ट्याकडे लक्ष वेधलं. पुढच्याच वर्षी फाइंडेल आणि स्ट्रॅटफर्ड या दोघांनी या जागेला 'क्युबिटल टनेल' म्हणजे कोपराचा बोगदा असं नाव दिलं. बाकी सगळीकडे ही नस मांसाच्या गादीत असते. इथे मात्र वर नुसती कातडी आणि खाली हाड.

हात वाकवला की बोगदा अरुंद होतो आणि नसही ताणली जाते, म्हणजे दुहेरी मार. ठिबकची नळी बोटाखाली दाबली तर पुढच्या झाडांना पाणी मिळत नाही. तसंच पुढे करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाची जाणीव जाते. हाताच्या तळव्यातले बारीक स्नायू वाळू लागतात. बोटं जुळवणं, चिमटीत धरणं आणि मूठ घट्ट आवळणं ही सगळी कामं याच स्नायूंची.

वाकड्या कोपराशिवायही नस दबते. तासन् तास टेबलावर कोपर टेकून लिहिणारे कारकून, कोपर टेकवून गाडी हाकणारे ट्रॅक्टरचालक, दिवसभर कोयता चालवून मोळ्या बांधणारे तोडणी मजूर, डोक्याखाली हात दुमडून झोपणारे आणि हल्ली मोबाइल तासभर कानाला लावून बसणारे, या सर्वांनी जपावं. मधुमेह असलेल्यांच्या नसा आधीच नाजूक झालेल्या असतात, त्यांनी तर अधिकच.

पावतीची परीक्षा

घरी करून पाहण्याजोग्या दोन-तीन खुणा डॉक्टरीणबाईंनी मला शिकवल्या.

पहिली, पावतीची. अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये वजनकाट्याची पावती किंवा कुठलाही कागद चपटा धरायचा आणि दुसऱ्याला ओढायला सांगायचा. चांगला अंगठा सरळ राहून कागद धरतो. नस दुबळी असेल तर अंगठ्याचं टोक वाकतं, कारण एक स्नायू थकला की दुसरा त्याच्या मदतीला धावतो. फ्रोमाँ या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने ही खूण पहिल्या महायुद्धाच्या काळापासून ओळखली जाते.

दुसरी, कोपर पूर्ण वाकवून मिनिटभर तसंच धरायचं. करंगळीत मुंग्या आल्या तर ध्यानात घ्यावं.

तिसरी, आतल्या हाडामागे बोटाने हलकेच टिचकी मारायची आणि झिणझिणी करंगळीपर्यंत जाते का ते पाहायचं. दुसरी आणि तिसरी खूण कधीकधी निरोगी माणसातही दिसते. तेव्हा एवढ्यावरून निदान करू नये, फक्त दवाखान्याची वाट धरावी.

मुंग्या कोणत्या बोटांत येतात याला फार महत्त्व आहे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात येत असतील, तर बहुधा मनगटातली दुसरी नस दबलेली असते. कोपराच्या आजारात करंगळीकडची तळहाताची बाजू बधिर होते, तशी हाताच्या पाठीचीही होते. मनगटाशी नस दबली असेल तर पाठीकडची जाणीव सहसा शाबूत राहते. मान दुखत असेल आणि कोपराखालचा आतला भागही बधिर असेल, तर दोष मानेत असू शकतो. आणि डाव्या हाताच्या कळेबरोबर छाती आवळत असेल, घाम फुटत असेल, तर नसेचा विचार करत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

कुष्ठरोगाची तपासणी मात्र प्रत्येकाने करून घ्यावी, त्यात लाज कसली? हा रोग हातातल्या ज्या नसेला सर्वांत जास्त धरतो ती हीच, आणि जागाही हीच, कोपराजवळची. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दहा हजारांत एकाहून कमी रोगी हे लक्ष्य गाठलं गेलं, पण म्हणून रोग संपला असं नव्हे. नवे रोगी आजही सापडतात. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि साधारण सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो. नसेला सूज आली असेल तर वेळेवर दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी हात वाचू शकतो. ज्यांची बोटं आधीच वाकली, त्यांच्यासाठी डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून एका स्नायूची दोरी दुसऱ्या कामाला जोडण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. म्हणजे भीतीपोटी लपवून ठेवणारा माणूस दोन्हीकडून बुडतो. कुष्ठरोग असेल तर औषध चुकतं, नसेल तर दुसरा इलाज चुकतो. माझं दुसरं झालं.

अकोल्याची फेरी

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तरी मोठ्या तपासण्यांसाठी आपली पावलं अजून अकोल्याकडेच वळतात. मलाही तिकडेच धाडलं. कोपराचा एक्स-रे काढला. रक्तातली साखर पाहिली. मग नसेच्या वेगाची तपासणी झाली. हातावर ठिकठिकाणी विजेचे बारीक झटके देतात आणि संदेश किती वेगाने जातो ते यंत्र मोजतं. चटके बसतात, पण सोसण्यासारखे. निरोगी नसेत संदेश सेकंदाला पन्नास मीटरहून जास्त वेगाने जातो. माझ्या हातात कोपराच्या वर ठीक, कोपराच्या खाली ठीक, आणि नेमका कोपरापाशी वेग एकदम उतरलेला. पाटाचं पाणी कुठे अडलं हे बांधावरून चालत जाऊन पाहावं, तशीच ही तपासणी. काही ठिकाणी सोनोग्राफी करूनही नस कुठे फुगली आहे ते पाहतात.

इलाज काय?

स्नायू वाळलेले नसतील, नुसत्या येऊन-जाऊन मुंग्या असतील, तर आधी शस्त्रक्रिया करत नाहीत. कोपर कशावरही टेकायचं नाही. फार वेळ वाकवून ठेवायचं नाही. रात्री कोपराभोवती जाड पंचा किंवा टॉवेल सैलसर गुंडाळून वरून पट्टी बांधायची, म्हणजे झोपेत हात दुमडत नाही. घट्ट बांधू नये. एवढं दोन-तीन महिने नेटाने केलं तर सौम्य अवस्थेतल्या पुष्कळांना आराम पडतो. व्यायाम दाखवतील तेवढाच करावा, जोराने ताणू नये.

ब जीवनसत्त्वाच्या सुयांचा उपयोग त्याची कमतरता असेल तरच. दबलेली नस त्याने मोकळी होत नाही. चोळणं, दाबणं, डाग देणं तर मुळीच नको. मला एका जाणत्याने सांगितलं होतं, "एकवीस दिवस तेल लाव, बोटं सरळ होतील." तो कोपराला लावलेला गूळच ठरला. दिसतो पण जिभेला लागत नाही.

आणखी एक जपणूक. बधिर बोटाला चटका कळत नाही. चूल, चहाची कपबशी, बिडीचं थोटूक, ट्रॅक्टरचा तापलेला सायलेन्सर यांपासून हात सांभाळावा. शेक तर घेऊच नये.

स्नायू वाळू लागले, पकड गेली किंवा बधिरपणा कायमचा झाला, तर शस्त्रक्रिया हाच मार्ग. साध्या प्रकारात बोगद्यावरचा पट्टा कापून नस मोकळी करतात. दुसऱ्या प्रकारात नस उचलून हाडाच्या पुढच्या अंगाला आणून ठेवतात, म्हणजे हात वाकवताना ती ताणली जात नाही. हा दुसरा प्रकार १८९८ सालापासून माहीत आहे. साध्या रोग्यांत दोन्हींचे गुण सारखेच येतात असं तुलनेने केलेल्या चाचण्यांत दिसलं. नस पुढे सरकवण्यात जखमेच्या तक्रारी थोड्या जास्त असतात, म्हणून सहसा साधा प्रकार पुरतो. माझ्यासारखं वाकडं कोपर असेल किंवा नस हाडावरून घसरत असेल, तर मात्र ती पुढे नेणं बरं. माझी तशीच नेली. काखेत सुई देऊन हात बधिर केला होता, मी जागाच होतो.

धोके नाहीतच असं नाही. जखम चिघळू शकते, वणाभोवती बधिरपणा किंवा दुखरेपणा राहू शकतो आणि पूर्ण गुण येईलच अशी हमी कुणी देत नाही. हलकी कामं काही आठवड्यांत सुरू होतात. जड काम डॉक्टर सांगतील तेव्हाच. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावं.

उशिराचा हिशेब

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोकळी झालेली नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. कोपरापासून तळव्यातल्या स्नायूपर्यंत अंतर साधारण तीस सेंटीमीटर. म्हणजे तीनशे दिवस! दहा महिने तर नुसत्या प्रवासाला लागतात. आणि नसेविना स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षच दम धरतो, पुढे तो जागा होत नाही. पाणी सोडलं, पण पीक आधीच वाळलं, अशी गत होते.

मी दोन वर्षं घालवली होती. शस्त्रक्रियेनंतर रात्रीच्या मुंग्या थोड्याच दिवसांत थांबल्या. करंगळीला स्पर्श कळायला आठ-नऊ महिने लागले. मूठ बरीच सुधारली, विळा आता फिरत नाही. पण बेचक्यातला खळगा पुरता भरला नाही. पावती ओढून पाहिली तर अंगठा अजून थोडा वाकतो. ओंजळ होते, पण थोडं पाणी गळतंच. ते गळणारं पाणी माझ्या दोन वर्षांच्या मौनाचं आहे, असं मी समजतो.

म्हणून हात जोडून सांगणं एवढंच. करंगळीच्या मुंग्या दोन-तीन आठवडे टिकल्या, किंवा बेचक्यातलं मांस उतरलं, तर लपवू नका, कोपर दाखवा. लेकरू झाडावरून, बैलगाडीवरून पडून कोपर सुजलं, तर कामट्या बांधण्याआधी एक्स-रे काढा. लहानपणी मोडलेलं कोपर ज्यांचं वाकडं राहिलं आहे, त्यांनी आज दुखत नसलं तरी एकदा दाखवून ठेवा. आणि शेजारच्याची बोटं वाकडी दिसली तर कुजबुजू नका, त्याला दवाखान्यात घेऊन जा. मंडळी माझ्यासंगं आली, म्हणून मी गेलो.

आपला हात जगन्नाथ खरा. पण त्या जगन्नाथाचा रथ चालतो कोपरातल्या एका बारीक दोरीवर. ती दोरी सांभाळा, एवढीच विनंती.

— आसेगावचा एक सभासद